खोटं बोलणाऱ्याचं कोडं
गवती चहाचा वास आला की धरणगावची ती दुपार आठवते. मी मुलगी बघायला गेलो होतो. तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, विचारलं, “काय शिकी ऱ्हायना तू?” मी हुरूपाने सांगितलं, “सातशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज तर्कपंडिताची कोडी. समजा, एक माणूस एवढंच म्हणाला, की मी खोटं बोलतोय. ते खरं मानलं तर खोटं ठरतं आणि खोटं मानलं तर खरं.” आबांचा पेढा हातातच राहिला. माझे वडील मला डोळ्यांनी गप्प करत होते. “मंग उत्तर काय शे?” आबांनी दरडावलं. “दोन वर्षं तेच शोधतोय,” मी म्हणालो, आणि हे स्थळ गेलंच असं मला वाटलं. तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवत मुलगी म्हणाली, “आबा, तो माणूस अजून काही बोललाच नाही. कशाबद्दल खोटं, ते आधी सांगू तर द्या त्याला.” त्या काळच्या काही पंडितांचं हेच उत्तर होतं, फक्त त्यांना त्यासाठी ग्रंथ लिहावे लागले होते. मी तसं सांगूनही टाकलं. आबा माझ्या वडिलांना म्हणाले, “तुमना पोऱ्याले समदं येस, फक्त उत्तर येत नही. चाली आम्हले. उत्तरं आम्हनी पोर देई.” त्याला बारा वर्षं झाली, आणि ती अजून देतेच आहे.