कुणालाही वाचता न येणारी पाटी

पेंटरमामांचं अक्षर रस्त्यापलीकडून, धावत्या बसमधून आणि चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता यायचं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लग्नाआधी मामींना लिहिलेली पत्रंसुद्धा इतकी सुवाच्य, की सासऱ्यांनी ती खिडकीबाहेरूनच वाचून काढली म्हणे. खरंखोटं मामी जाणोत. विचारलं की त्या नुसत्या लाजतात.

मग कॉम्प्युटरवर छापलेले बोर्ड आले आणि मामांचे ब्रश डब्यात वाळत पडले. आठ महिने एक पाटी नाही. अशात भाची आली. ही पोरगी कामाच्या दिवशी दाताच्या दवाखान्यात किंचाळणाऱ्यांचे जबडे धरते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः किंचाळते. त्या किंचाळण्याला ब्लॅक मेटल संगीत म्हणतात.

"मामा, माझा अल्बम येतोय. सगळा जंगलावर. देवळं नव्हती तेव्हा माणसं झाडांनाच देव मानायची ना, ते. कव्हरवर नाव तू लिही, 'रानमूळ'."

"एवढंच? आत्ता देतो!"

"पण कुणालाही वाचता येता कामा नये."

मामांचा हात डब्यातच राहिला. "मग लिहायचं कशाला गं?"

"आमच्यात तशीच रीत आहे. अक्षरं मुळांसारखी गुंतलेली हवीत. शुक्रवारी छापायला जाणार. नाही जमलं तर कॉम्प्युटरवाल्याला सांगते."

कॉम्प्युटरवाला! मामांना मिरची झोंबली.

परीक्षक ठरला समोरचा न्हावी. मामांनी अक्षरांना फांद्या फोडल्या आणि पाटी दारात उभी केली. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तराही न उचलता वाचलं, "रानमूळ! काय पेंटर, रोपं विकताय?" मामांनी डाव्या हातानं लिहिलं. "रानमूळ. घाईत होतात वाटतं?" अक्षरांवरची रेघच काढून टाकली. "रानमूळ. रेघ विसरलात हो. वय झालं!"

"जन्मात एकदा वाईट काम करायला सांगितलंय," मामी म्हणाल्या, "तेही धड जमेना!"

गुरुवारी दुपारी हताश होऊन मामांनी भाचीनं अल्बम ऐकायला दिलेले हेडफोन कानाला लावले. आधी नुसता वारा, सुकी पानं. मग पत्र्यावरून शंभर शेळ्या पळाव्यात तसे ड्रम. त्यावर भाचीची अशी काही किंकाळी, की हिचं बोट दारात सापडलं की काय असं मामांना वाटलं. आणि अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, एक म्हातारा आवाज: "माफ कर बाबा."

मामा चमकले. आवाज त्यांचाच! नव्या फळीला पहिला रंग लावण्याआधी ते तिच्यावर हात ठेवून हेच पुटपुटायचे. फळी म्हणजे एकेकाळचं झाडच ना. पोरीनं ते कधी टिपून ठेवलं कोण जाणे.

त्यांनी डोळे पुसले, अल्बम पुन्हा पहिल्यापासून लावला आणि ब्रश बुडवला. ड्रम सुरू झाले तसा चाळीस वर्षं न हललेला हात थरथरू लागला. मामांनी तो थरथरू दिला.

शुक्रवारी सकाळी न्हावी रस्ता ओलांडून आला. पाटीला नाक लावलं, मान उजवीकडे वाकवली, डावीकडे वाकवली.

"झाड उपटून चिकटवलंय का?"

"वाचा की."

"नाही बुवा येत."

क्षणभर मामांच्या काळजात कळ आली. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी त्यांनी न्हाव्याला साबणाच्या ब्रशासकट मिठी मारली. त्याच आनंदात पाटीवर शेवटचा हात फिरवला, आणि रंग वाळायच्या आत भाची ती घेऊन पळाली.

दोन आठवड्यांनी ती परत आली, कमरेवर हात ठेवून. "मामा, कोपऱ्यात काय लिहिलंस?"

मामांनी जीभ चावली. सवयीनं सही ठोकली होती. गोल, टपोरी, स्वच्छ: 'पेंटरमामा'.

"अख्ख्या कव्हरवर तेवढंच वाचता येतं! लोकांना वाटतंय अल्बमचं नावच ते. काल कार्यक्रमात तीनशे काळे टी-शर्टवाले ओरडत होते, 'पेंटरमामा! पेंटरमामा!'"

"पुसून टाकू का गं?" मामा अर्धमेले.

"खबरदार! टी-शर्टवर छापायचंय. परत लिही, मोठं."

"वाचता यायला हवं?"

"रस्त्यापलीकडून!"

मामांनी समोरच्या न्हाव्याला हाक मारली, "ओ, दुकान बंद करू नका, वाचायला पाटी येतेय!"