समोरासमोरच्या दोन खुर्च्या

लेकीनं व्हिडिओ पाठवला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. ती आणि जावई स्वित्झर्लंडमध्ये असतात. शेळगावहून आम्ही दोघं आणि कन्हेरीहून तिचे सासू-सासरे, असे चौघं मिळून त्यांच्याकडे निघणार होतो. तिथं एक दिवस आम्हा चौघांनाच डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेनं फिरायचं होतं, आणि फर्स्ट क्लास घ्यायचा की सेकंड, हे आम्ही ठरवायचं होतं. व्हिडिओत फर्स्ट क्लासचा डबा दिसत होता. एका बाजूला चौघांची बैठक, आणि दुसऱ्या बाजूला, खिडकीला लागून, एवढंसं टेबल नि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खुर्ची. बस्स. तिसऱ्याला टेकायला जागाच नाही.

ती दोन खुर्च्यांची जागा बघून मला काय वाटलं हे ज्यांच्या घरात माणसांचा राबता नाही त्यांना कळायचं नाही. आमच्या ओसरीवर सकाळी चहाला माणसं असतात ती रात्री जेवणं होईस्तोवर हलत नाहीत. कुणाची ऊसतोडणी अडलेली, कुणाची सोयरीक मोडलेली, आणि कुणाचं काहीच नाही, सहज आलेला. गावाचे हे ‘आबा’. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो तेव्हाही जीपभर माणसं होती; हे पुढं ड्रायव्हरशेजारी आणि मी मागं बायकांच्या गर्दीत, मांडीवर कुणाचं तरी पोर. इतकी वर्षं संसार झाला, पण नवऱ्याच्या समोर बसून, मध्ये कुणी न येता, मी एक कप चहा प्यायलेली नाही. मला ती जागा हवीच होती.

“फस्ट कशाला?” हे म्हणाले. “सेकंडवाली काय मागं राहत्यात व्हय? गाडी तर एकच.”

“पाव्हणं काय म्हणत्यात इचारा,” मी मुद्दामच म्हटलं. व्याह्यांना सेकंडनं न्यायची यांची छाती होणार नाही हे मला ठाऊक होतं. आम्ही मुलीकडचे. लेकीच्या लग्नात वऱ्हाडाची शेवटची पंगत उठेपर्यंत यांनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. त्याच संध्याकाळी चौघांचा फर्स्ट क्लास पक्का झाला. माझ्या हुशारीवर मी खूश होते. ही हुशारी कुठं जाऊन आपटणार आहे ते मला कळायला हवं होतं.

लेक म्हणत होती, मी इथूनच बुक करते. पण समोर माणूस बसल्याशिवाय यांना काम झाल्यासारखं वाटत नाही. आम्ही मोटरसायकलवरून बारामतीला ट्रॅव्हलच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी डब्याचा नकाशा कॉम्प्युटरवर उघडला.

“ऊन कुठल्या बाजूला येतंय?” यांचा पहिला प्रश्न.

“काका, तिकडं लोक ऊन मिळावं म्हणून धडपडतात.”

“धडपडू द्या. आमचं हितंच भागलंय.”

मग इंजिनाचा आवाज कुठवर येतो, दारात माणसं उभी राहतात का, लेडीज सीट कुठल्या, एसटीच्या साऱ्या शंका फिटेपर्यंत त्या बाईंचा चहा गार झाला. शेवटी मीच स्क्रीनवर बोट ठेवलं. “ह्या दोन.”

“छान आहेत,” बाई म्हणाल्या. “समोरासमोरची ही एकच जोडी उरलीय. बाकी दोघांना पलीकडे चौघांच्या बैठकीत बसावं लागेल.”

“एकच का?” हे लगेच पुढं सरकले. “मग त्या पाव्हण्यांच्या नावावर करा. आमी बसू पलीकडं.”

माझं बोट अजून स्क्रीनवरच होतं. आता परक्या बाईसमोर काय सांगणार? नातवंडं व्हायच्या वयात, मला माझ्या नवऱ्यासमोर बसायचंय म्हणून? मी बोट काढून घेतलं. घरी येईपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि यांना ते समजलंही नाही, कारण मोटरसायकलवर मागचं बोलणं तसंही ऐकू येत नाही.

रात्री व्याह्यांना फोन. “पाव्हणं, टेबल तुमचं.” “छ्या, छ्या, टेबल तुमचं.” “आसं कसं, मान तुमचा.” “आवं, तुमी आमाला लेक दिली.” एका टेबलावरून दोन शहाणी माणसं इतका वेळ घासाघीस करत होती, की मला वाटलं आता ते टेबल ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीत घालून शेळगावहून कन्हेरीला नेतायत. अखेर व्याह्यांनी मान घेतला आणि मी उशीत तोंड खुपसलं.

पुढं प्रत्यक्ष गाडीत चढलो, तर व्याही त्या टेबलाशी उभे राहिले आणि यांचा हात धरून म्हणाले, “पाव्हणं, तुमी बसा माझ्यासमोर. बायका बायका पलीकडं बसत्याल. त्यांचं त्यांचं बोलणं आसतंय.”

हे बसलेसुद्धा! माझ्या खुर्च्यांवर दोन व्याही. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर सरकत होते आणि आत ठिबकच्या नळ्या उंदरांनी कशा कुरतडल्या याची चर्चा रंगली होती. या रानातलं बोलणं त्या रानात जावं असे दोघांचे आवाज. आमच्या समोर एक म्हातारं गोरं जोडपं एकमेकांचा हात हातात घेऊन बसलेलं. मला त्यांचा इतका हेवा वाटला, की मी त्यांच्याकडं बघायचंच बंद केलं.

विहीणबाई आणि मी एकमेकींशी जपूनच बोलत आलेलो. लाडू छान झालेत, लुगडं शोभतंय, एवढंच. त्या बराच वेळ टेबलाकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “ताई, व्हिडिओतल्या त्या दोन खुर्च्या मी बी बघितल्या हुत्या. म्हटलं, एकदा तरी ह्यांच्यासमोर निवांत बसीन.”

मी त्यांच्याकडं सरकून बसले. “मी बी,” मी म्हटलं.

मला व्याह्यांना उठा म्हणता येत नव्हतं. पण विहीणबाईंना त्यांच्या नवऱ्याला म्हणता येत होतं. त्या उभ्या राहिल्या. “अवो, उठा हितनं. हिकडं माज्याशेजारी या. ताई, जावा तुमी. येताना आमी बसू.” व्याही मुकाट उठले. तेवढ्यासाठी मी या बाईचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

मी यांच्यासमोर जाऊन बसले. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं एकदमच बाहेर आलं. “ही जागा मला पायजे हुती. मी बोट ठिवलं हुतं तिच्यावर. तुमी सरळ दिऊन टाकली.”

हे टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. “मला बी हीच आवडली हुती. रानात मोटर चालू करून तिथंच लेकीचा त्यो व्हिडिओ बघत बसायचो.”

“मग दिली कशाला?”

“आता गं! नावडतं दिऊन कुणाचा मान हुतोय व्हय?”

या माणसाला काय करावं? मला राग आला, हसू आलं आणि डोळेही भरले, सगळं एकाच वेळी. तेवढ्यात हे मान वळवून पलीकडं बघायला लागले. “पुढलं स्टेशन आलं की पाव्हण्यांना बोलावू हितं. त्यांची हौस ऱ्हायला नको.”

मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय ठेवला आणि चांगला दाबला.

“हलायचं न्हाय. बोला.”

“काय बोलू?”

“काय बी. ठिबकचं बोला. पर माज्याशी बोला.”