साच्याची कड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक सोयीचं आहे. याहून उदात्त कारण शोधलं तर सापडेलही, पण माझ्या उदात्त कारणांवर मी आता फारसा भरवसा ठेवत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनियर. बर्मिंगहॅमजवळच्या एका कंपनीत वॉशिंग मशीनचे ड्रम डिझाइन करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. लोकांना याची गंमत वाटते. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी हमखास विचारतंच, "मशीनमध्ये एकच मोजा कसा हो गायब होतो?" मी हसते. दरवेळी हसते.

ड्रम म्हणजे आत फिरतो तो, भोकाभोकांचा स्टीलचा. तो अखंड नसतो. सपाट पत्रा गोल वाकवतात आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना जोडतात. सगळी मेख त्या जोडात आहे. कपडे पिळले जाताना ओली चादर एका बाजूला गोळा होते, ड्रम गरागरा फिरत असतो, आणि सगळा ताण त्या एका उभ्या रेषेवर येतो. वेल्डिंग केलं तर तिथे गंज धरण्याची भीती. पत्रे दुमडून एकमेकांत अडकवले तर जाड शिवण राहते आणि तिच्यात नाजूक कपड्यांचे धागे अडकतात. ती शिवण जरा पातळ, जरा गुळगुळीत कशी होईल, यावर मी वर्षानुवर्षं डोकं झिजवत होते. थोडंफार जमलं होतं. थोडंफारच.

मग प्रसाद आला. पुण्याचा, नुकतं लग्न झालेला, कंपनीने व्हिसा काढून आणलेला. डिझाइनमध्ये आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी ताई झाले. घर मिळेपर्यंत तो आणि त्याची बायको मृणाल आमच्याच वरच्या खोलीत राहिले. गोड माणसं. मृणाल माझ्या स्वयंपाकघरात माझ्यापेक्षा नीटनेटकी वागायची, आणि तो जेवताना ताटाच्या कडेला बोटाने ड्रमचं चित्र काढायचा.

आल्यापासून काही महिन्यांतच त्याने वेगळीच कल्पना मांडली. वेल्डिंग नाही, दुमडणं नाही. पत्र्याच्या दोन कडा एकावर एक ठेवायच्या आणि प्रेसखाली ठिकठिकाणी अशा दाबायच्या, की वरचा पत्रा खालच्यात घुसून टिचबटणासारखा अडकून बसेल. मोटारींच्या कारखान्यात हे चालतंच, त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते त्याच्या साच्यात. साच्याला त्याने एक बारीकशी उभी कड दिली होती. ती दाबतानाच पत्र्याची धार आत वळवून घ्यायची, म्हणजे जोड पक्का बसायचा आणि धागाही अडकायचा नाही. मी ते चित्र पाहिलं आणि मला लगेच कळलं की हे चालणार. मला आनंद झाला का? झाला असं मी म्हणाले. खरं सांगायचं तर पोटात दुखलं.

पण हेव्यापोटी मी काही केलं, असं समजू नका. ते निदान सरळ तरी झालं असतं.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता. मी कधीही दिवाळीची सुट्टी मागत नसे. डिझाइनमध्ये एकटीच बाई, त्यात आपल्याकडची, उगाच कुणाला बोलायला जागा नको — असा माझा एक ताठा होता. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी मी चारचं काम दोनला उरकून पळायचे. त्या शुक्रवारीही मृणाल भाजणी मळून माझी वाट बघत होती. मला माझ्या एका ब्रॅकेटवर तसाच जोड घेऊन बघायचा होता. प्रेसमध्ये प्रसादचा साचा लावलेला होताच. माझा पत्रा त्याच्या पत्र्यापेक्षा जाड होता, म्हणजे प्रेसचं सेटिंग बदलायला हवं होतं. मी बदललं नाही. कट् असा आवाज आला. साचा काढून खिडकीपाशी नेऊन पाहिला, तर त्या बारीक कडेचा टवका उडाला होता. खाच नखाला लागत होती.

मी साचा पुसून त्याच्या डबीत ठेवला आणि घरी जाऊन चकल्या तळल्या.

इथपर्यंत काय, चूक झाली. कुणाकडूनही होते. सोमवारी सांगायचं, साचा नवा बनवून घ्यायचा, आठवडाभराचा उशीर, मॅनेजरची थोडी कुरकुर. एवढंच होतं हो सगळं!

सोमवारी सकाळी प्रसाद चाचणीचे ड्रम करायला वर्कशॉपमध्ये आला. आमच्याकडे नियम आहे, साचा वापरण्याआधी ज्याने-त्याने तो भिंगाखाली तपासायचा. काल कुणी तपासला, साहेबांनी तपासला का, याला अर्थ नाही. प्रसादने डबी उघडली, भिंग हातात घेतलं, आणि मला विचारलं, "ताई, शुक्रवारी तुम्ही वापरलात ना? ठीक आहे ना साचा?"

मी म्हणाले, "हो, ठीक आहे."

आणि त्याने भिंग खाली ठेवलं. आमचा कुणी इंग्रज पोरगा असता तर "चीअर्स", म्हणजे थँक्स, म्हणून त्याने तरीही तपासलं असतं. त्यात कुणाला राग नसतो. पण ताईने ठीक आहे म्हटल्यावर तिच्यासमोर ती वस्तू उलटसुलट करून बघायची — हे त्याला जमण्यासारखं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मी का म्हणाले ठीक आहे? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. शेजारी मॅनेजर उभा होता, हे खरं. पण तो नसता तरी मी तेच म्हणाले असते, असं मला वाटतं.

ड्रम तयार झाले आणि चाचणीला लागले. ही चाचणी म्हणजे ओझं मुद्दाम एका बाजूला बांधून मशीन दिवसरात्र फिरवत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. प्रसादला इथे बहीण नाही, मला भाऊ नाही, म्हणून मी त्याला ओवाळलं. त्याने मला शाल दिली. पाटावर बसून तो म्हणाला, "ताई, फिरतायत अजून. एक पण हलला नाही." मी त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मशीन बंद करून साचा बदलता आला असता. मी त्याला अनारसा वाढला.

त्याच आठवड्यात ड्रम फाटले. एकामागून एक, जोडावरच. चाचणीची खोली जाळीबंद असते, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. फाटलेले तुकडे मी भिंगाखाली पाहिले. सोऱ्याच्या चकतीला खोच पडली की प्रत्येक चकलीवर त्याच जागी रेघ उमटते ना, तसंच होतं. प्रत्येक जोडावर, त्याच जागी, चंद्रकोरीसारखी एक फट. प्रसादनेही ती पाहिली. पण साचा ठीक होता, हे तो धरूनच चालला होता. म्हणून तो आपल्या गणितात चूक शोधत बसला, आणि माणूस शोधायला लागला की चूक सापडतेच. ओल्या कपड्यांचं वजन आपण कमी धरलं, ती कडच मुळात कमजोर आहे, असं त्याने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं. त्याचे कान लाल झाले होते. मॅनेजरने टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहून विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचंय? माझ्यावर त्याची नजर जरा जास्त थांबली, कारण त्यातली जाणकार मीच. मी मान हलवली. नाही.

तो साचा मी नंतर भंगारात टाकला.

प्रसादचं प्रोबेशन चालू होतं, नोकरी पक्की झाली नाही. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात जाऊन काही होतं का बघू, म्हणून मीच त्याला गाडीने घेऊन गेले. तो आत होता तेवढा वेळ मी गाडीत बसून सँडविच खाल्लं आणि ट्रॅम बघत राहिले. काही झालं नाही. मृणालला तेव्हा दिवस गेलेले होते. जाताना दोघं माझ्या पाया पडले.

आता इथे मी थांबले असते, तर याला भित्रेपणा म्हणून भागलं असतं. भित्रेपणा क्षणात होतो. पुढचं मी नीट, विचारपूर्वक केलं.

काही वर्षांनी मॅनेजर बदलला, प्रसादला ओळखणारे पांगले. मी तीच कड पुन्हा काढली, नवा साचा करवून घेतला, ड्रम चाचणीला लावले. ते फाटले नाहीत. अर्थातच फाटले नाहीत. पेटंटचे वकील आले, सभ्य गृहस्थ. त्यांनी विचारलं, या कडेची कल्पना मुळात कुणाची? हा प्रश्न त्यांना विचारावाच लागतो. मी म्हणाले, माझी. आवाज जरासुद्धा हलला नाही. आज त्या जोडाचे ड्रम कितीतरी घरांत फिरताहेत, कदाचित तुमच्याही.

पेटंटचं कळल्यावर प्रसादचा पुण्याहून फोन आला. मनापासून खूश होता; त्याच्या गणितातली चूक मी सुधारली, असंच त्याला वाटत होतं. म्हणाला, "माझ्याकडून नाही झालं, ताई. ते तुमच्याच हातून व्हायचं होतं." त्याने डिझाइन केव्हाच सोडलं होतं. तो एका कारखान्यात खरेदी बघतो, दुसऱ्यांनी काढलेली मशीनं विकत घेतो. चांगलं चाललंय म्हणतो. वाईट चाललेलं नाही, हे मलाही दिसतं. फक्त स्वतःच्या डोक्यावर त्याने परत कधी भरवसा ठेवला नाही. फोनवर साधा पंखा बिघडल्याचं सांगतानाही तो म्हणतो, "मला त्यातलं काय कळतंय, ताई." हे वाक्य माझं आहे. मी ते त्याच्या तोंडी घातलं.

गेल्या वर्षी त्याची मुलगी ईरा बर्मिंगहॅमला मास्टर्स करायला आली. मेकॅनिकलच. बापाच्या मनात नव्हतं. शनिवार-रविवारी ती माझ्याकडे असते, मला आत्या म्हणते, माझ्या फ्रिजला नावं ठेवते. हुशार आहे. वहीच्या कडेला तिची चित्रं मी पाहिली आहेत, त्यामुळे हे मी अंदाजाने सांगत नाही.

मध्यंतरी आम्ही दोघी माझ्या नणंदेकडे हॅरोला निघालो होतो. गाडी मी चालवत होते. डिझाइन घ्यायचं की मॅनेजमेंट, हे तिला त्या आठवड्यात ठरवायचं होतं. ती म्हणाली, "बाबा म्हणतो, डिझाइनचं डोकं आपल्या घरात नाहीचे. मॅनेजमेंट घे, सेफ आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, तू त्याच्याबरोबर काम केलंयस. एकदम ऑनेस्टली सांग. बाबा इंजिनियर म्हणून कसा होता?"

मॅनेजर नव्हता. वकील नव्हते. माझी नोकरी संपलेली आहे, माझं कुणीही काही वाकडं करू शकत नव्हतं. गाडीत आम्ही दोघीच होतो, आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "खूप मेहनती होता."

आमच्या धंद्यात एखाद्याला नुसतं मेहनती म्हटलं की त्याचा काय अर्थ होतो, हे शिकायला मास्टर्स करावं लागत नाही. तिने मान हलवली. मग गाणी लावली.

सोमवारी तिने डिझाइन सोडून मॅनेजमेंट घेतलं. मला मेसेज करून कळवलं, आणि खाली लिहिलं, थँक यू आत्या, तू खरं बोललीस म्हणून ठरवता आलं.