हेमांगी कंडक्टर आणि छातीतली धडधड

हेमांगी एसटीत कंडक्टर आहे. वय एकोणचाळीस, घर जळगावात. फेब्रुवारीत यावलच्या भरलेल्या गाडीत तिकिटं देताना तिची छाती एकाएकी धडधडू लागली, बोटं बधिर झाली, मशीन हातातून सुटलं. ड्रायव्हर जीवराम धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. "ताई, घाबरू नका, मी शे ना," म्हणत त्यांनी प्रवाशांसकट गाडी दवाखान्याच्या दारात नेली.

ईसीजी, इको, रक्त, सगळं नीट निघालं. त्यानंतर मात्र हेमांगी धडधडीलाच घाबरू लागली. छाती धडधडेल असं ती काहीच करीना. चालणं मंदावलं, जिना बंद झाला. पाण्याची बादली नवरा, प्रेमराज, उचलू लागला. दोन महिन्यांत भाजीची पिशवी आणतानाही तिला धाप लागू लागली, आणि धाप लागली की पुन्हा तीच भीती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. बसून बसून ताकद गेलीय. जिना चढा. धडधडेल. धडधडू द्या, तिथंच उभ्या राहा."

प्रेमराजला हे पटलं नाही. सोमवारी हेमांगीची आजारपणाची रजा संपत होती. आगारात तिच्यासाठी बैठं काम मागायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. हेमांगीला गाडीवरच जायचं होतं. पण यावलपर्यंत उभं राहता येईल, याची तिला खात्री नव्हती.

शनिवारी सासूबाई, मंजुळाबाई, गच्चीवर बिबड्या, ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचं पातेलं खाली ओट्यावर होतं. हेमांगीने ते उचललं.

"ठेव ते. मी नेतो," प्रेमराज आडवा आला.

"नेऊ दे रे तिला!" वरून मंजुळाबाई ओरडल्या. "बायको आहे का काचेची बरणी?"

"आई, तू मधे बोलू नको." त्याने हेमांगीचा दंड धरला.

"हात सोडा."

त्याने सोडला, पण मागोमाग चढू लागला.

जिन्याच्या वळणावर तिची छाती धडधडू लागली. बोटांना मुंग्या आल्या. पातेलं पायरीवर ठेवून तिने भिंत धरली. प्रेमराजने मोबाईल काढला.

"रिक्षा बोलावतो."

"नको. थांबा."

ती तिथंच उभी राहिली. तोही, मोबाईल हातात धरून. धडधड कमी झाली, पूर्ण गेली नाही. हेमांगीने पातेलं उचललं आणि उरलेल्या पायऱ्या चढली.

मंजुळाबाईंनी पिठात बोट घातलं. "निवलं की गं. आता थापताना तुटतील."

सोमवारी ती गाडीवर गेली. भीती अजून येते, बहुतेक रोज. गाडी यावलला पोहोचायच्या सुमारास प्रेमराज फोन करतो. दर वेळी ती उचलतेच असं नाही. परतीची माणसं चढत असतात.