रिसबुडांच्या टेबलासमोरची खुर्ची

दत्ता रिसबूड गेल्याची बातमी मला कल्याणच्या बाजारात कळली. मी दुधी निवडत होतो. कोपरजवळच्या आपल्या गावाहून भाजी घेऊन येणारा नथू म्हणाला, "मास्तर, रिसबूड साहेब गेला काल. तुमाला कोनी सांगला नाय?" हातातला दुधी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. शाळेपासूनचा माझा मित्र, आणि त्याच्या मरणाची बातमी मला द्यावी ती त्यानेच गिरणीच्या कामावरून कमी करून घरी पाठवलेल्या माणसानं... पुढे दोन दिवसांनी त्याच्या गिरणीने वर्तमानपत्रात चौकट दिली, 'कामगारांचा सच्चा मित्र हरपला'. ती वाचून माझं डोकं फिरलं. दत्ता खरोखरच कामगारांचा मित्र होता आणि त्या मैत्रीचं गिरणीने काय केलं हे मी जवळून पाहिलं आहे. ते कुणीतरी लिहायला हवं म्हणून हा लेख.

आम्ही दोघे कल्याणचे, एका बाकावरचे. मी मास्तरकी धरली. दत्ता स्वातंत्र्याच्या सुमाराला वकिलीची सनद भिंतीवर लावून अशिलांची वाट बघत बसला होता. तेवढ्यात ठाण्याच्या एका गिरणीने कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला वेगळा अधिकारी नेमायचं ठरवलं, आणि दत्ता तिथे लेबर ऑफिसर म्हणून लागला. "मालकाचं मीठ खाऊन मजुराची बाजू घेणार? दोन डगरींवर पाय ठेवणारा मधेच पडतो," मी त्याला म्हणालो. तो हसला. "अरे, यंत्रं बिघडली तर बघायला इंजिनियर असतो. माणसं बिघडली तर कोण असतं? जॉबरची शिवी! हे काम शिकून घ्यावं लागेल बघ कुणाला तरी. उद्या प्रत्येक कारखान्यात लागेल ते."

जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. कुणाला कामावर घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं, हे तोच सकाळी फाटकावर उभा राहून ठरवी. दत्ताने पहिल्याच वर्षी ती सत्ता भांडून त्याच्याकडून काढून घेतली. पण त्याची खरी करामत होती ती खुर्ची. साहेबासमोर कामगाराने उभं राहायचं, हा सगळ्या गिरण्यांचा रिवाज. दत्ताने आपल्या टेबलासमोर स्वतःच्या खुर्चीसारखीच, वेताची, हातांची दुसरी खुर्ची मांडली आणि नियम केला की समोरचा माणूस बसल्याशिवाय बोलणं सुरू करायचं नाही. पहिला आला तो हाच नथू, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. भाताच्या लावणीसाठी गावी गेला म्हणून जॉबरने त्याचं नाव काढलं होतं. तो बसेना आणि दत्ता बोलेना. शेवटी नथू टोकावर टेकला, तापलेल्या तव्यावर टेकावं तसा. दत्ताने हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितला होता की मी पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकी, "बसलेला माणूस भांडतो कमी आणि बोलतो खरं." त्या बोलण्यातून नथूला काम परत मिळालंच, शिवाय आसपासच्या गावांतल्या कामगारांना लावणीची रजाही सुरू झाली.

दत्ता चढत गेला. दुसऱ्या गिरण्यांतले नवे अधिकारी त्याची पद्धत बघायला येऊ लागले. डोंबिवलीला बिऱ्हाड केलं, वहिनी आल्या. रविवारी मी गेलो की दारात कुणी ना कुणी कामगार बसलेला असे, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं भावाभावांचं भांडण. वहिनी लटक्या रागाने म्हणायच्या, "भावोजी, गिरणी ठाण्याला आहे की आमच्या ओसरीवर, तेवढं विचारा यांना." त्या दिवसांत त्याच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही.

मग परदेशी माग आले. चार मागांवर एक माणूस पुरेल असं ठरलं, आणि उरलेल्यांना घरी पाठवायचं काम मॅनेजरने दत्ताकडे दिलं. जॉबरने सांगितलं असतं तर संप झाला असता, हे त्या धूर्त माणसाला पक्कं ठाऊक होतं. दत्ताने एक अट घातली, नवी शेड उघडली की याच माणसांना आधी परत घ्यायचं. मॅनेजरने हात पुढे केला आणि शब्द दिला. "कागदावर घे," मी म्हणालो. दत्ता चिडला. "मी कामगारांना सांगतो की शब्दावर विश्वास ठेवा, आणि स्वतः कागद मागू?"

त्याने एकेकाला बोलावलं, त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. युनियनवाले संप करा म्हणत होते. पण रिसबूड साहेब परत घेणार म्हणतात ना, मग घेतील, असं म्हणत माणसं मुकाट घरी गेली. नथूही गेला. पुढे शेड उघडली आणि तिच्यात भरली गेली सगळी नवी, बाहेरून आणलेली माणसं. दत्ता तावातावाने मॅनेजरकडे गेला, तर तो म्हणाला, "रिसबूड, दुसरीकडे दगडफेक झाली, आपल्याकडे एक काच फुटली नाही. हे तुमचं यश आहे." त्या यशाबद्दल दत्ताला शाल मिळाली, बढतीही मिळाली.

राजीनामा दिला तर घरी गेलेल्या माणसांसाठी आत बोलणारं कुणी उरणार नाही म्हणून तो राहिला. दोन-चार जणांना परत घेववलंही. पण त्या खुर्चीवर पुन्हा कुणी बसलं नाही. साधी रजा मागायला आलेला माणूससुद्धा दाराची चौकट धरून म्हणे, "उभ्यानंच सांगा, साहेब." दत्ता विनवी, समोरचा आणखी एक पाऊल मागे सरके. शेवटी त्याने नोकरी सोडली, आणि निघताना गिरणीकडून फक्त ती खुर्ची मागून घेतली. त्यानंतर तो फार जगला नाही. डॉक्टर हृदयाचं दुखणं म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल.

तेराव्यानंतर मी डोंबिवलीला गेलो होतो. मॅनेजर मोटारीने आला आणि कुणी म्हणायच्या आत खिडकीशी असलेल्या त्याच खुर्चीत ऐसपैस बसला. "त्यांच्या काळात एकही संप झाला नाही," तो वहिनींना म्हणाला. त्याला ओढून उठवावं असं मला वाटलं, पण ते घर सुतकातून नुकतं उठलं होतं. तो गेल्यावर दारात नथू दिसला, हातात भाजीची जुडी. वहिनी म्हणाल्या, "नथूभाऊ, आत या, बसा." तो आत आला. खांद्यावरच्या फडक्याने त्याने ती खुर्ची पुसली, तिचे हातसुद्धा पुसले... आता बसेल, असं मला वाटलं. मला ते फार हवं होतं. तो वळला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मी त्याच्याशेजारी जाऊन टेकलो. तो म्हणाला, "साहेब वाईट नव्हता, मास्तर. वाईट असता तर आमी संप केला असता."

खुर्ची अजून खिडकीशीच आहे. मी गेलो की वहिनी माझ्यासाठी सतरंजी घालतात.