बंद केलं तरी वाहणारा व्हिडिओ

एका ब्राउझरच्या इंजिनावर मी अमरावतीतल्या घरून काम करते. व्हिडिओ इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येतो. ती ये-जा सांभाळणारा कोड माझ्याकडे होता. त्यातला एक नियम साधा आहे. बघणाऱ्याने ‘पुरे’ म्हटलं, की पाठवणाऱ्यानेही थांबायचं. आमचं इंजिन थांबत नव्हतं, आणि ते तपासणारी चाचणी नापास होत होती.

आमच्या वरिष्ठांनी ती चाचणी वगळून टाकली. मग उरलेल्या सगळ्या चाचण्या पास, म्हणजे हिरव्या दिसू लागल्या. मी विचारलं, तर म्हणाले, “असं कोण वापरतं? कोणाच्या लक्षात येणार आहे?”

त्याच आठवड्यात अकोल्याला ताईकडे गेले. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या जुन्या फोनवर आमचा नवा ब्राउझर टाकला. तिने धड्याचा व्हिडिओ लावला आणि थोड्या वेळाने बंद केला. तरी स्क्रीनच्या वरचा, डेटा येत असल्याचा बाण लुकलुकतच होता. फोन तापला.

“म्या त बंद केला ना, मंग हे कावून सुरू हाय?” ताई म्हणाली. मग ओशाळून, “मावा फोनच खराब असन.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आमची, आणि ओशाळायचं हिने?

“तुवा फोन चांगला हाय ताई. आमचंच चुकून राहिलं.”

तिथेच बसून मी त्या फोनचं चित्रण केलं आणि वरिष्ठांना पाठवलं. उत्तर आलं, “त्यांना नवा फोन घ्यायला सांगा.”

मी उत्तर दिलं नाही. अमरावतीला परतले आणि कोड उकरायला बसले. ‘थांब’ हा निरोप मधल्या एका टप्प्यावर अडकत होता: आधी मागवलेला तुकडा येईपर्यंत तो पुढे जातच नव्हता, आणि तो तुकडा आला की निरोप सुटायच्या आतच दुसरा मागवला जाई. निरोपाला आधी वाट करून दिली. वगळलेली चाचणी परत लावली. पास झाली. दुसऱ्या गटातल्या एका बाईंनी कोड बारकाईने वाचून मंजूर केला.

पुढच्या ऑनलाइन बैठकीत वरिष्ठ सगळ्यांना सांगत होते, “साध्या फोनचा विचार आपण पहिल्यापासून केला.”

मी माइक सुरू केला. “सर, ती चाचणी तुम्ही वगळली होती.”

त्यांनी घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला. बैठक संपल्यावर ताईच्या फोनसाठी सुधारलेला ब्राउझर पाठवला. तिला फोन लावला आणि म्हटलं, “आता व्हिडिओ बंद करून पाह्य.”