बारावीच्या गुणपत्रिकेची चोरी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण आठवण निघाली की अजून हसू येतं ते बोरीकडच्या एका चोरीचं. तेव्हा मी जिंतूर तालुक्यात फौजदार होतो.

सकाळची हजेरी आटोपत होती, तोच एक बाई मुलीला घेऊन ठाण्यात आली. मुलीची बारावीची मूळ गुणपत्रिका घरातल्या पेटीतून गेली होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी दुसऱ्या दिवशी ती दाखवायची होती, नाहीतर जागा जाणार. दुसरी प्रत इतक्या लवकर निघत नाही.

"माज्या धाकट्या जावंनंच नेली, साहेब. तिचं पोरगं नापास झालं, तवापासून लय जळायलीय."

तक्रार अर्ज घेतला. दुपारी खबऱ्याचा फोन आला. चार दिवसांपूर्वी हीच जाऊ एक पाकीट घेऊन बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेली होती. माझा संशय पक्का झाला. हवालदार आणि महिला शिपायाला घेऊन मी तिचं घर गाठलं.

"गेले व्हते ना! मामंजीचं वर्षश्राद्ध व्हतं, त्यांचा फोटो लॅमिनेशन करून आणला. पाकीट मोठ्या जाऊबाईनंच दिलं व्हतं, अन् फोटो तिच्याच हाती दिला." तिला रडू फुटलं. "माजं काय बी करा, साहेब. पण उद्या पोरीचं कसं व्हईल?"

मी तिथेच थबकलो. चोराला स्वतःच्या सुटकेची घाई असते. ही पोरीसाठी रडत होती.

तिथून दुकानात गेलो. दुकानदार मोठ्या ऐटीत म्हणाला, "पाकिटात फोटो अन् जाड कागद व्हता. दोन्ही पाठीला पाठ लावून एकातच घातले. आता पाणी सांडू द्या, हळद लागू द्या, फडकं मारलं की साफ!"

मी तडक तक्रारदार बाईच्या घरी आलो. भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो हारासकट काढला आणि उलटा केला. मागे गुणपत्रिका! भिंतीला ओल होती, पण मुलीने ओढणीने पुसताच अक्षर न् अक्षर लख्ख दिसलं.

बाईने कपाळावर हात मारला. "अगं बया! फोटो दुमडू नये म्हणून पेटीतला जाड कागद मीच संगं घातला. बघितलाच न्हाई! अन् श्राद्धाच्या घाईत फोटोची मागली बाजू बी कुणी बघितली न्हाई!" काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती तशीच धावत गेली आणि जावेच्या गळ्यात पडली. तिचं ऐकून संशय मीही घेतला होता, म्हणून मागोमाग जाऊन मीही त्या माउलीची माफी मागितली.

हवालदाराने विचारलं, "साहेब, आरोपी कोण दाखवू?"

"आजोबा!" मी म्हणालो. सगळं घर हसलं.

दुसऱ्या दिवशी प्रवेशाची कागदपत्रं तपासणाऱ्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, तेही हसले आणि प्रवेश झाला. माणसावर बोट ठेवण्याआधी घरातली वस्तू एकदा उलटून पाहावी, हे मी तिथे शिकलो. माझी पेन्शनची कागदपत्रं मात्र झेरॉक्स काढून वेगवेगळी लॅमिनेट केली आहेत.

परवा ती मुलगी भेटायला आली. आता ती सिस्टर आहे. गळ्यात लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र होतं. सवयीने मी ते उलटून पाहिलं.

मागे तिच्या काकूचा फोटो होता.